वेरूळच्या रस्त्यावरचे गिऱ्हाईक : एका गाडीतून उतरणाऱ्या तीन पिढ्या

"गर्दी तर पुष्कळ आहे, पण विक्री नाही." पर्यटकांवर ज्यांची रोजी अवलंबून आहे अशा आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या तोंडी हे वाक्य वारंवार ऐकू येते. गर्दीची गोष्ट खरी आहे. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१९ साली देशातल्या देशात झालेल्या पर्यटक भेटींची संख्या सुमारे २३२ कोटी होती. कोरोनाच्या काळात ती कोसळली आणि २०२३ साली पुन्हा २५० कोटींच्या घरात पोहोचली. (या मोजणीत एकच मनुष्य अनेकदा येतो, आणि देवदर्शनाला वा जियारतीला जाणारेही यातच धरले जातात, हे ध्यानात ठेवावे.) याउलट २०१९ साली परदेशातून भारतात आलेले पर्यटक होते १ कोटी ९ लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या दुकानासमोरून जाणारा माणूस बहुतांशी देशी आहे. मग विक्री का होत नाही? गिऱ्हाइकाच्या खिशाला दोष देण्यापूर्वी हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, ते काय शोधत आले आहे आणि त्याच्या घरात पैशाचा निर्णय कोण घेतो, हे पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

हा विचार मोघम होऊ नये म्हणून एकच रस्ता समोर ठेवू. औरंगाबाद (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) शहरातून सकाळी गाडी निघते. दौलताबादचा किल्ला, खुलताबादच्या दर्गाह व भद्रा मारुती, वेरूळची चौतीस लेणी, लेण्यांच्या शेजारी घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग, आणि परत येताना बीबी का मकबरा व पाणचक्की. एका दिवसाचा हा ठरलेला फेरा आहे. ज्यांना सवड असते ते दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटरवरील अजिंठा किंवा पन्नास किलोमीटरवरील पैठण गाठतात. या रस्त्यावर आपला हिमरूवाला आहे, बिदरी काम करणारा आहे, बांगडीवाला, अत्तर-टोपीवाला, रंगीत खडे विकणारा, टॅक्सीवाला, आणि नान-खलिया खाऊ घालणारा हॉटेलवालाही आहे. किल्ले, लेणी, मंदिर, दर्गाह हे सारे एकाच रस्त्यावर असल्याने हरतऱ्हेचे गिऱ्हाईक एकाच दिवसात पाहावयास मिळते, असे ठिकाण महाराष्ट्रात विरळाच.

परंतु या रस्त्यावरच्या धंद्याची घडी बसली ती परदेशी पाहुण्यासाठी. अजिंठा व वेरूळ ही दोन्ही ठिकाणे १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. १९९२ साली जपानच्या कर्जातून या दोन्ही ठिकाणांच्या जतनाची व पर्यटन विकासाची योजना सुरू झाली. शोरूम उभी राहिली. दारात एक माग, त्यावर एक विणकर, आत गालिचा, चहा, आणि किंमत सांगण्याआधी अर्धा तास इतिहास. गाईडला व ड्रायव्हरला ठरलेले कमिशन. जो माणूस आयुष्यात एकदाच येणार, ज्याला इथला भाव ठाऊक नाही आणि जो एकच महागडा नग घेऊन विमानात बसणार, त्याच्यासाठी ही पद्धत चालून गेली. देशी पाहुण्याच्या बाबतीत यातली एकही गोष्ट लागू पडत नाही. त्याला सुरतेचा भाव ठाऊक असतो, सोलापूरला त्याचा मेहुणा असतो, आणि तो पुन्हा येणार असतो. शोरूममध्ये चहा समोर आला की तो सावध होतो, कारण फुकटच्या चहाचे पैसे शेवटी कोण देतो हे त्याला आपल्याइतकेच कळते.

आता हा देशी पाहुणा घर सोडून निघतो कशासाठी? जॉन क्रॉम्प्टन या अभ्यासकाने १९७९ साली सुटीवर जाणाऱ्यांच्या हेतूंची छाननी करताना त्यात एक हेतू नोंदवला तो म्हणजे घरच्या माणसांशी असलेले नाते घट्ट करणे. रोजच्या धबडग्यात एकमेकांशी बोलावयास न मिळणारी माणसे प्रवासात एकत्र येतात. ही गोष्ट त्याने अमेरिकेत बसून लिहिली, पण आपल्याकडील सात आसनी गाडीतून उतरणारे कुटुंब पाहिले की ती अधिकच पटते. आजी-आजोबा पुढे, आई-वडील मध्ये, मुले मागे. तेव्हा दुकानदाराने एका माणसाला माल दाखवून भागत नाही. त्याच्यापुढे आवडणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि "काही गरज नाही" म्हणून उठवणारा तिसरा, असे तिघे उभे असतात. यांपैकी तिसऱ्याकडे आपले दुकानदार अजिबात पाहत नाहीत, आणि विक्री बहुधा तिथेच बुडते.

आजोबांची पिशवी

ज्येष्ठ पिढीने प्रवास शिकला तो एस.टी.च्या लाल गाडीतून आणि रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातून. यांतील सरकारी नोकरदारांनी रजा प्रवास सवलतीत देश पाहिला. चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कुठेही जाता येत असे व त्यासाठी तिकिटे जपून ठेवावी लागत. ही सवलत आजही आहे. या पिढीचा प्रवास बहुधा दर्शनाला जोडलेला असतो. घृष्णेश्वराला आलेला मनुष्य जवळच आहे म्हणून लेणी पाहतो. खुलताबादला जियारतीसाठी आलेले कुटुंबही तेच करते.

ही मंडळी स्वतःसाठी फारसे घेत नाहीत. घेतात ते वाटण्यासाठी. शेजारीण, विहीण, गाडी सुटताना "सांभाळून जा" म्हणणारा वाणी, या सगळ्यांना काहीतरी दिल्याशिवाय यात्रा पूर्ण झाली असे त्यांना वाटत नाही. म्हणून त्यांना एक मोठा नग नको असतो, सारखे दहा छोटे नग हवे असतात, आणि ते दहाही एकाच किमतीचे, म्हणजे कोणाला कमी-जास्त दिल्याचा बोल नको. आमच्या पाहण्यात आलेला बांगडीवाला हे बरोबर ओळखतो. तो डझनाचे जोड बांधूनच ठेवतो. हिमरूवाला मात्र त्यांच्यापुढे शाल उलगडतो आणि मग म्हाताऱ्या माणसांकडे पैसा नाही अशी तक्रार करतो. पैसा आहे, पण तो दहा ठिकाणी वाटावयाचा आहे. शालीच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांच्या बटव्यांची चळत समोर असती तर हाच मनुष्य दहा बटवे घेऊन गेला असता.

घासाघीस ही या पिढीची करमणूकही आहे. अगदीच भाव न केल्यास त्यांना फसल्यासारखे वाटते. त्यांच्यासाठी दहा नगांवर एक नग वर, ही जुनी रीत सर्वात बरी; किंमत पडत नाही आणि मनही राहते.

पाकीट ज्याच्या हातात

मधली पिढी १९९१ नंतरच्या काळात कमावती झालेली. गाडी यांची, पेट्रोल यांचे, हॉटेलचे बिल यांचे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला, तेव्हापासून विदर्भातून येणाऱ्या या मंडळींना शिर्डी आणि वेरूळ एकाच दौऱ्यात बसवणे सोपे झाले आहे. आमचा अंदाज असा की याने थांबण्याचा वेळ घटतो. जो पूर्वी शहरात मुक्काम करून संध्याकाळी गुलमंडीत फिरे, तो आता चार वाजताच परतीच्या रस्त्याला लागतो. एक मात्र फायदा आहे. रेल्वेने येणारा ओझ्याला भितो, मोटारीच्या डिकीत जागा असते.

या पिढीतील पुरुषाला वेळेची चिंता असते आणि स्त्रीला दर्जाची. खर्च दिवसभर चालूच असल्याने दुकानाशी येईपर्यंत पुरुष "नाही" म्हणावयास तयार बसलेला असतो. पण हीच पिढी सर्वात मोठी खरेदीही करते, आणि ती बहुधा घरून ठरवून आलेली असते. मुलीच्या लग्नाची पैठणी घेण्यासाठी पैठण वा येवला गाठणारे कुटुंब हे फिरता फिरता दुकानात शिरलेले गिऱ्हाईक नव्हे. त्याच्याजवळ रक्कम ठरलेली असते, रंग ठरलेला असतो, मावशीने सांगितलेल्या चार खुणा पाठ असतात. त्याला इतिहास सांगत बसू नये. पदर उलटा करून दाखवावा. हातमागाच्या अस्सल पैठणीत नक्षीचा धागा त्या त्या जागी गुंतवून विणलेला असल्यामुळे मोर किंवा आसावली उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या पैठणीत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. जो दुकानदार न विचारता उलटी बाजू दाखवतो त्याच्याकडे "नाही" म्हणणारा पुरुषही खुर्ची ओढून बसतो, हे आम्ही पाहिले आहे.

मोबाईलवाली पिढी

तरुणांविषयी दुकानदारांची तक्रार सर्वांत मोठी. फोटो काढतात, हात लावतात, विचारतात आणि निघून जातात. पावसाळ्यातल्या रविवारी वेरूळच्या डोंगरावरून धबधबा पडू लागला की मोटारसायकलींची रांग लागते. खर्च होतो तो मक्याच्या कणसावर आणि नान-खलियावर. ही मंडळी काही घेत नाहीत असे म्हणणे मात्र घाईचे होईल. ती वस्तूपेक्षा अनुभवावर खर्च करतात, आणि वस्तू घ्यायचीच तर तिच्यामागची हकीकत विचारतात. हे कोणी विणले? किती दिवस लागले? हाताने की मशीनवर? मेरी लिट्रेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पर्यटकांना हस्तकलेची वस्तू अस्सल का वाटते याचा अभ्यास केला, तेव्हा आलेल्या उत्तरांत कामाची सफाई, वस्तू इतरत्र न मिळणे या गोष्टींबरोबरच कारागीर कोण हे कळणे आणि खरेदी करतानाचा अनुभव हेही होते. आपले तरुण गिऱ्हाईक तेच मागते आहे.

दुसरे असे की भाव मोबाईलवर क्षणात तपासला जातो. २०१६ साली युपीआय आले, तेव्हापासून रोख नाही ही सबबही उरली नाही. जेवणाच्या बाबतीत तर घरातील सर्वांत लहान मनुष्यच कुठे थांबायचे ते ठरवतो. हे पाहता, गाडीतील सर्वांत कमी पैसा बाळगणारी मुलगी ही गाडीतील सर्वांत कडक तपासनीस असते. वडिलांच्या कानात ती एकच वाक्य बोलते, "बाबा, हे ऑनलाईन निम्म्या किमतीत आहे," आणि सगळे कुटुंब उठते.

शाळेच्या सहलीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत वेरूळला एस.टी.च्या गाड्या ओळीने उभ्या असतात. मुलाच्या मुठीत मोजके पैसे, गुरुजींची शिट्टी, आणि खरेदीला वीस मिनिटे. बरीच मुले त्यातून आईसाठी काहीतरी घेतात. काही विक्रेते अशा मुलांना हिडीसफिडीस करतात किंवा सुटे नाहीत म्हणून वरचे पैसे ठेवून घेतात. हे पाहून आम्हाला खेद होतो. वीस वर्षांनी तोच मुलगा आपल्या गाडीने याच रस्त्यावर येणार आहे.

चार स्वभावांचे गिऱ्हाईक

वय पाहून अर्धेच कळते. ग्रेगरी स्टोन या समाजशास्त्रज्ञाने १९५४ साली शिकागो शहरातील गृहिणींच्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि गिऱ्हाइकांचे चार स्वभाव सांगितले. पहिले हिशोबी, म्हणजे भाव, दर्जा व माल यांचा मेळ पाहणारे. दुसरे आपुलकीचे, ज्याला ओळखीचा दुकानदार हवा. तिसरे कर्तव्यबुद्धीचे, जे लहान दुकान टिकावे म्हणून चार पैसे जास्त देते. चौथे उदासीन, ज्याला खरेदीचाच कंटाळा. जवळ मिळेल ते घेऊन मोकळे होणारे.

सत्तर वर्षांपूर्वीची ही वाटणी आमच्या रस्त्यावर आजही उभी दिसते. अजिंठ्याला गाड्या खालच्या फाट्यावर थांबतात आणि तिथल्या बाजारातून पुढे बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. सकाळी जाताना तिथे हिशोबी गिऱ्हाईक भाव विचारून ठेवते. दुपारी थकून परतलेला मनुष्य, सकाळी तो कितीही हिशोबी असो, उदासीन झालेला असतो. त्याला पाणी, सावली आणि बसावयास जागा हवी असते. त्या वेळी त्याच्यामागे खड्यांची पेटी घेऊन धावण्यात काय अर्थ आहे? एकच माणूस कांदे घेताना एक असतो आणि लेकीची पैठणी घेताना दुसरा असतो. तेव्हा स्टोनची वाटणी माणसांच्या कपाळावर चिकटवू नये, प्रसंगावर चिकटवावी.

आपुलकीचे गिऱ्हाईक देशी पर्यटकांत फार आहे आणि आपण त्याची सर्वाधिक उपेक्षा करतो. परदेशी पाहुणा पुन्हा भेटणार नव्हता. हा मात्र पुढच्या लग्नसराईत फोन करणार असतो. त्याचे गाव, त्याने नेलेला रंग, कुणासाठी नेला, हे वहीत लिहून ठेवणारा दुकानदार आम्हाला क्वचितच आढळला. तिसऱ्या, कर्तव्यबुद्धीच्या गिऱ्हाइकाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण हिमरूचे भवितव्य त्याच्या हाती आहे.

हिमरूचा प्रश्न

सूत आणि रेशीम यांच्या मिलाफाचे, किनखापाच्या धाटणीचे हे कापड. दौलताबादला राजधानी हलली त्या चौदाव्या शतकापासून या विणकामाची परंपरा सांगितली जाते. आज हाताने हिमरू विणणारे माग शहरात मोजकेच उरले आहेत, आणि यंत्रमागावरच्या शाली हिमरू म्हणून ढिगाने विकल्या जातात. अडचण अशी की पैठणीसारखी उलट बाजू पाहून हिमरूची परीक्षा होत नाही. हिमरूच्या पाठीवर जादा धागे मोकळे सुटलेले असतात, ती त्याची जातच आहे. यंत्रावरची नक्कलही मागून तशीच दिसते. सामान्य गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. त्याला विक्रेत्याच्या शब्दावरच भरवसा ठेवावा लागतो.

अशा बाजारात काय होते हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन मांडले. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो याच प्रकारच्या अभ्यासासाठी. चांगला व वाईट माल गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल तर ते मधला भाव देऊ करते. त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून उठतो. मग उरलेल्याचा भाव आणखी घसरतो. हिमरूचे नेमके हेच झाले आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्रावरची शाल "हातमागाची" म्हणून विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला तर फसवलेच, पण त्याहून मोठे नुकसान त्याने गल्लीतल्या आपल्याच विणकराचे केले. जास्त पैसे मोजावयास तयार असलेले कर्तव्यबुद्धीचे गिऱ्हाईक, आणि त्यात आज तरुण पुष्कळ आहेत, एकदा फसले की हाताने विणलेल्या खऱ्या शालीलाही यंत्राचाच भाव सांगते.

कमिशनची गोष्टही यातच येते. समजा एका शालीत दुकानदाराला हजार रुपये सुटले म्हणजे पुरते. गाडी आणणाऱ्याला चारशे द्यावयाचे म्हणून किंमत चौदाशे सांगितली जाते. परदेशी पाहुण्याला ते कळत नसे. आता मुलगी मोबाईल काढते आणि तशीच दिसणारी शाल नऊशेला दाखवते. चारशे रुपये ड्रायव्हरला गेले हे तिला ठाऊक नाही. तिच्या लेखी दुकानदार लुबाडणारा ठरतो. ड्रायव्हर बांधवांशी आमचे वैर नाही, त्यांचाही संसार आहे. पण टक्केवारीऐवजी गाडीमागे ठरावीक लहान रक्कम, विक्री होवो वा न होवो, अशी रीत दोन-चार दुकानदारांनी मिळून घातली तर किंमतीची सूज उतरेल.

यावर उपाय अवघड नाहीत. दुकानात माल सरळ वेगळा मांडावा: हातमाग एका फळीवर, यंत्रमाग दुसऱ्या फळीवर, आणि प्रत्येक नगावर किमतीची चिठ्ठी. हातमागाच्या चिठ्ठीवर विणकराचे नाव व लागलेले दिवस लिहावेत. यंत्रमागाचा माल विकण्यात कमीपणा काहीच नाही. आजोबांचे दहा बटवे त्याचेच असू देत, फक्त तसे सांगावे. केंद्र सरकारचे हातमाग चिन्ह २००६ पासून आहे, ते विणकराने मिळवावे. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा असून तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे, व पैठणीला त्याखाली संरक्षण मिळालेले आहे. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली मिळाले. मानांकन मिळालेल्या मालाचे नाव खोटेपणाने दुसऱ्या मालाला लावणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेक विक्रेत्यांच्या गावीही नाही.

बिदरी कारागिरांचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण त्यांची कला डोळ्यांसमोर घडते. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवलेली, आणि शेवटी माती लावली की धातू काळाभोर होतो व चांदी तशीच चमकत राहते. हा शेवटचा टप्पा दोन मिनिटे दारात करून दाखवला तर तरुण फोटो काढतील, मुले थांबतील, आणि मुले थांबली की आईबापांना थांबावेच लागते. त्या दोन मिनिटांसाठी चहा पाजावा लागत नाही.

ज्यांना हे सारे पुस्तकी वाटत असेल त्यांनी आमचे न ऐकता एक महिना स्वतःची वही ठेवून पाहावी. गल्ल्याशेजारी एक साधी वही. दुकानात आलेल्या प्रत्येक गटापुढे पाच गोष्टी लिहाव्यात: गाव, गटात किती पिढ्या, माल कोणी निवडला, पैसे कोणी दिले, आणि न घेता गेले असल्यास "नको" कोण म्हणाले. वार लिहिण्यास विसरू नये. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात आणि मंगळवारी वेरूळची, परंतु घृष्णेश्वराचे दर्शन मंगळवारीही चालू असते. त्यामुळे मंगळवारी वेरूळला येणारी गर्दी जवळजवळ सगळी दर्शनाची, दहा नग वाटणाऱ्यांची असते, आणि त्या दिवशी पुढच्या फळीवर शाली मांडून ठेवणाऱ्या दुकानदाराला संध्याकाळी वहीत काय लिहावे लागते ते त्याने स्वतःच पाहावे.